ख्रिस्तपुराण : राजाज्ञा, लिपि आणि पोथी

छापलेला ग्रंथ टिकतो आणि हाताने लिहिलेली पोथी नाश पावते, असा सर्वसाधारण समज आहे. मराठींतील एका मोठ्या ग्रंथाच्या बाबतींत मात्र नेमका उलट प्रकार घडला. फादर थॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण गोमंतकांतील राशोल येथें इ. स. १६१६ मध्यें प्रथम छापलें गेलें; पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तीनहि आवृत्त्यांची एकहि मुद्रित प्रत आजवर हातीं आलेली नाहीं. जें कांहीं आज वाचावयास मिळतें, तें सर्व हस्तलिखितांच्या आधारें. छापखान्यांतून निघालेला ग्रंथ पुन्हां पोथीच्या आश्रयास कां गेला, याचा उलगडा करूं लागलें, म्हणजे परकीय राजसत्ता आणि जितांची भाषा यांच्या संबंधाचा एक संपूर्ण अध्याय आपल्यापुढें उघडतो. तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

परकीय अमलाचा अभ्यास करावयाचा तो तह, मोहिमा, जमाबंदी आणि सनदा यांच्या कागदांवरून, अशी आपली रूढ पद्धति आहे, व ती योग्यहि आहे. परंतु एखादा ग्रंथ कोणत्या लिपींत उतरला, त्यांतील कोणता शब्द देशी ठेवला व कोणता परका घातला, तो कोणाच्या परवानगीने छापला व कोणाच्या भीतीने लपविला, या गोष्टीहि दप्तरांतील कागदाइतक्याच अस्सल साक्षी आहेत. किंबहुना दप्तर राज्यकर्त्यांची इच्छा काय होती तें सांगतें. त्या इच्छेचें लोकांत पुढें काय झालें, तें पोथी सांगते.

पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. इ. स. १५१० मध्यें आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवें बेट आदिलशाहीकडून जिंकून घेतलें. साष्टी व बारदेश हे दोन महाल १५४३ मध्यें पोर्तुगीजांच्या हातीं आले. १५४२ पासून जेझुइट पंथाचे पाद्री गोव्यांत येऊं लागले. धर्मप्रसारासाठीं साष्टी जेझुइटांकडे व बारदेश फ्रान्सिस्कनांकडे अशी वांटणी झाली. १५६० मध्यें इंक्विझिशनचें न्यायासन गोव्यांत स्थापन झालें. तिसवाडींतील देवळें १५४० च्या सुमारास व साष्टींतील देवळें १५६७ मध्यें पाडलीं गेलीं. देवळांबरोबर पुराणें सांगणारे पुराणिक गेले आणि पोथ्याहि गेल्या. या काळांतील जेझुइटांच्या पत्रव्यवहारांत हिंदूंच्या पोथ्या हस्तगत करून, त्यांतील कथांचें खंडन करतां यावें म्हणून त्यांचीं भाषांतरें करविल्याचे उल्लेख येतात.

या प्रांतांत त्यापूर्वी मराठी ग्रंथरचना चालू होती, हें येथें ध्यानांत ठेवलें पाहिजे. साष्टींतील केळोशी येथील कृष्णदास शामा याने आपली श्रीकृष्णचरित्रकथा शके १४४८ मध्यें, म्हणजे इ. स. १५२६ मध्यें, ओवींत लिहिली. घरीं व बाजारांत कोंकणी आणि पुराण-कीर्तनांत मराठी, अशी भाषांची वांटणी तेथें रूढ होती. पाद्र्यांनीं ही वांटणी निर्माण केली नाहीं. त्यांना ती तयारच मिळाली, व त्यांनीं ती नीट ओळखली.

थॉमस स्टीफन्स हा जातीने इंग्रज. विल्टशर परगण्यांतील बुश्टन हें त्याचें गांव. इंग्लंडांत त्या काळीं कॅथलिक धर्मास राजाश्रय नव्हता, म्हणून तो रोमला गेला व १५७५ मध्यें जेझुइट पंथांत शिरला. लिस्बनहून १५७९ च्या एप्रिलांत निघून त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं तो गोव्यास पोंचला. तेव्हांपासून १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, तो गोमंतकांतच, व त्यांतहि मुख्यत्वें साष्टींत, राहिला. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळीच्या लोकांनीं देवळें पाडल्याच्या रागाने पांच जेझुइटांस ठार मारलें. त्यांचीं प्रेतें मिळविण्याच्या कामीं हाच स्टीफन्स होता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्याने आपल्या भावास लिहिलेल्या लॅटिन पत्रांत, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असें नमूद केलें. सर विल्यम जोन्स याचें सुप्रसिद्ध भाषण १७८६ चें. त्याच्या दोन शतकें आधीं हें निरीक्षण झालें होतें. एकाच वर्षांत एकाच माणसाच्या हातून घडलेल्या या दोन गोष्टी शेजारींशेजारीं ठेवून पाहाव्या. देवळें पाडल्यामुळें उसळलेला रक्तपात आणि भाषेविषयींचें हें कौतुक, हीं एकाच अमलाचीं दोन अंगें होत.

ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतचा जुना करार ३६ प्रसंगांत आला असून, दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र ५९ प्रसंगांत आहे. प्रसंगास ग्रंथकार ‘अवस्वरु’ म्हणतो. एकूण ओव्या सुमारें अकरा हजार. आरंभीं मंगलाचरण, मग मराठी भाषेची स्तुति, नंतर कथेस निमित्त होणारा प्रश्न, असा सर्व थाट आपल्या पुराणग्रंथांचा आहे. फरक एवढाच कीं, वंदन त्रैक्यस्वरूपी देवास आहे.

कथेस निमित्त झालेला प्रश्न आपल्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्यास विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही आम्हांस वर्ज्य केलींत. मग त्यांच्या ठिकाणीं दुसरें पुराण कां देत नाहीं? हा प्रसंग खरोखर घडलेला असो वा ग्रंथकाराने योजलेला असो, त्यांत एक कबुली आहे. पोथी काढून घेतली तरी पोथी ऐकण्याची संवय काढून घेतां येत नाहीं. संध्याकाळीं चार माणसें जमून एकाने गावें व इतरांनीं ऐकावें, ही लोकांची जुनी रीत राजाज्ञेने मोडली नाहीं. तिला नवा विषय मात्र द्यावा लागला. जेत्याने जितास धर्म दिला, पण त्याचा सांचा जिताकडून घेतला.

भाषेच्या निवडीविषयीं ग्रंथकाराने प्रस्तावनेंत स्वतःच खुलासा केला आहे. या देशींच्या भाषांत परमेश्वराच्या गोष्टी निरूपण करण्यास मराठी योग्य वाटली. परंतु शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळत नाहीं, म्हणून मागील कवींचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणीं ‘ब्राह्मणांच्या भाषेंतील’ सोपे शब्द मिसळले, असा त्याचा आशय आहे. ही ब्राह्मणांची भाषा म्हणजे साष्टींतील कोंकणी. त्याच ग्रंथकाराने प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण लिहिलें तें मात्र कोंकणींत. तें त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्यें छापलें गेलें. त्याचें कोंकणी व्याकरण दियोगु रिबेरु याने वाढविल्यावर १६४० मध्यें निघालें. पाठ करून घेण्याचें गद्य कोंकणींत आणि गाण्याचें पुराण मराठींत, ही व्यवस्था त्या प्रांतांतील जुन्या वांटणीस धरूनच होती. आज भाषेच्या नांवाने चाललेल्या वादांत या ग्रंथास एका बाजूचा साक्षीदार म्हणून ओढणारांनीं ही गोष्ट विसरूं नये.

आतां लिपीकडे वळूं. ख्रिस्तपुराण छापलें गेलें तें रोमी लिपींत. यावरून नागरी लिपीचा द्वेष हेंच कारण, असा निष्कर्ष कित्येकजण काढतात. परंतु तो घाईचा आहे. १६०८ मध्यें स्टीफन्सने आपल्या पंथाच्या मुख्य अधिकाऱ्यास पत्र लिहून, या देशाच्याच भाषेंत व याच देशाच्या अक्षरांत ग्रंथ छापलेले पाहण्याची आपली अनेक वर्षांची इच्छा कळविली. मलबारांत असें झालें आहे, मग येथें कां नाहीं, असा त्याचा रोख होता. अडचणी त्याने दोन सांगितल्या: युरोपांत चोवीस अक्षरांत भागतें, तर येथें जोडाक्षरें धरून सहाशेंच्या घरांत सांचे पाडावे लागतील; आणि वरिष्ठांच्या आज्ञेवांचून हें काम होणें नाहीं. नागरी खिळे पडले नाहींत. गोव्यांत छापखाना १५५६ मध्यें आलेला होता; पण त्यावर मराठी उतरली ती परक्या अक्षरांचा वेष घेऊनच. तेव्हां रोमी लिपीच्या मुळाशीं खर्च, यंत्र व वरिष्ठांची संमति हीं तीनहि कारणें होतीं. लोकांची लिपि त्यांच्या ग्रंथांतून जाण्यास प्रत्येक वेळीं द्वेषाचीच गरज असते असें नाहीं. यंत्र ज्याच्या हातीं त्याची सोय, एवढेंहि पुरतें.

या परक्या वेषाचा अभ्यासकास एक अनपेक्षित लाभ मात्र झाला. नागरी लेखनांत व्यंजनांतील अकार गृहीत असतो. तो उच्चारांत होता कीं नव्हता, हें अक्षरावरून कळत नाहीं. रोमींत प्रत्येक स्वर लिहावाच लागतो. त्यामुळें ‘फळु’ यांतील शेवटला उकार, ‘भीतर’ अशा शब्दाचा शेवटला अकार, हीं सर्व स्पष्ट दिसतात. ट, ड, ण, ळ हीं मूर्धन्य अक्षरें दाखविण्यासाठीं रोमी व्यंजन दोनदां लिहिण्याची युक्ति वापरलेली आहे. नागरींत ‘जन’ व ‘जीव’ यांतील ज एकच. रोमी लेखनांत ‘जनांसी’ या शब्दांतील ज निराळ्या अक्षराने दाखविला असल्यामुळें, तो उच्चार त्या काळींहि वेगळा होता, हें सिद्ध होतें. सतराव्या शतकांतील मराठी उच्चारांचा असा पुरावा आपल्या मोडी दप्तरांत शोधून सांपडणार नाहीं. येथेंहि तोच न्याय दिसतो: सत्तेने आपल्या सोयीकरितां जें साधन लादलें, त्यांतच जितांच्या जिभेची खूण उमटून राहिली.

ख्रिस्तपुराण हें एकटेंच नव्हे. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्र्वा याने सेंट पीटरच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचून १६२९ मध्यें छापविला. त्यांत हिंदूंच्या देवांचें व पुराणकथांचें सविस्तर खंडन आहे. अंतोनियु द साल्दान्य याचें सांतु आंतोनीचें चरित्र १६५५ चें आहे. खंडन करणाराचें मत आपणांस मान्य असो वा नसो, खंडनासाठीं त्याला कथा आधीं सांगावी लागते. त्यामुळें त्या काळीं गोमंतकांत कोणत्या कथा कोणत्या रूपांत प्रचलित होत्या, याचा दाखला त्याच्याच ग्रंथांत मिळतो. याहून चमत्कारिक उदाहरण पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत आहे. तेथील हस्तलिखितांत रामायण-महाभारतांतील कथा कोंकणी गद्यांत, व कांहीं काव्यें मराठींत, रोमी अक्षरांनीं लिहिलेलीं आहेत. ज्या कथा साष्टींत उघडपणें वाचणें दंडास पात्र होतें, त्यांच्या नकला जेत्यांच्याच लिपींत, त्यांच्याच देशांत सुखरूप राहिल्या.

हें सर्व होत असतां राजसत्तेचें धोरण तरी एकसारखें होतें काय? नव्हतें. १६०६ च्या धर्मपरिषदेने, ज्यास प्रांताची भाषा येत नाहीं त्या पाद्र्याकडे गांवचें देऊळ सोंपवूं नये, असें ठरविलें. स्टीफन्स व त्याचे सहकारी यांचे ग्रंथ याच वातावरणांत निपजले. पुढें वारें फिरलें. १६८३ च्या अखेरीस छत्रपति संभाजी महाराजांनीं साष्टी व बारदेश यांवर स्वारी करून गोवें टेंकीस आणलें. मोंगल शहाजादा शहाआलम कोंकणांत उतरल्यामुळें १६८४ च्या आरंभीं त्यांना माघारें वळावें लागलें. त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं, २७ जून १६८४ रोजीं, व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने आज्ञापत्र काढलें कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. याच शतकांत ज्या भाषांचा अभ्यास पाद्र्यांस सक्तीचा केला होता, त्यांचाच त्याग प्रजेस सक्तीचा झाला.

धोरणाच्या या दोन टोकांत विरोध दिसतो, पण मूळ एकच आहे. पहिल्या आज्ञेंत भाषा हें प्रजेपर्यंत पोंचण्याचें साधन होतें. दुसरींत तीच भाषा प्रजेस शेजारच्या स्वकीयांशीं जोडणारा दुवा ठरली. साधन म्हणून भाषा हवी, संबंध म्हणून नको, ही परकीय सत्तेची नित्याची अडचण आहे. तीन वर्षांची मुदत लोटली, शतकेंहि लोटलीं. घरांतली कोंकणी बंद झाली नाहीं. बंद पडला तो ग्रंथ. देशी भाषांतील छपाई सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतच संपुष्टांत आली. १७५४ मध्यें पोर्तुगीज सरकारने वसाहतींतील छापखान्यांस मनाई केली. गोव्यांत सरकारी छापखाना पुन्हां सुरू झाला तो १८२१ मध्यें. मध्यंतरी १७५९ मध्यें जेझुइट पंथच पोर्तुगीज मुलुखांतून हद्दपार झाला.

ख्रिस्तपुराण पुन्हां पोथींत कां गेलें, याचें उत्तर येथें मिळतें. ज्यांनीं तें लिहविलें ते गेले, ज्या यंत्रावर तें छापलें तें थांबलें, आणि ज्या भाषेंत तें होतें ती राजाज्ञेने निषिद्ध ठरली. उरले ते ऐकणारे. त्यांनीं छापील प्रती वाचून झिजविल्या व हाताने नवीन उतरल्या. इंक्विझिशन, दुष्काळ व लढाया यांमुळें गोमंतकांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबें कानडा प्रांतांत गेलीं, तीं हें पुराण बरोबर घेऊन गेलीं. टिपू सुलतानाने १७८४ मध्यें त्या लोकांस श्रीरंगपट्टणास कैदेंत नेलें असतां तेथेंहि याच्या ओव्या गायिल्या जात, असें त्यांच्यांत परंपरेने सांगतात. प्रजेस वळविण्यासाठीं रचलेला ग्रंथ असा प्रजेचा झाला. मंगळुरास १९०७ मध्यें साल्डान्हा यांनीं त्याची रोमी आवृत्ति सिद्ध केली, ती अशाच घरगुती पोथ्यांवरून.

याच पोथ्यांच्या संदर्भांत एक वाद संशोधकांनीं अवश्य लक्षांत घ्यावा असा आहे. विल्यम मार्सडेन या इंग्रज पंडिताचा संग्रह १८३५ मध्यें लंडनच्या किंग्ज कॉलेजास मिळाला व पुढें तेथील प्राच्यविद्यालयांत गेला. त्यांत ख्रिस्तपुराणाची नागरी लिपींतील पोथी असल्याचें जस्टिन ॲबट यांनीं १९२३ मध्यें प्रसिद्ध केलें. रोमी प्रतींत जेथें लॅटिन वा पोर्तुगीज शब्द आहेत, तेथें या पोथींत बरेच ठिकाणीं संस्कृत शब्द आढळतात. ॲबट यांनीं हीच मूळ संहिता मानली. इतर अभ्यासकांस तें मत मान्य नाहीं; त्यांच्या मतें रोमी ग्रंथावरूनच कोणी तरी मागाहून ही नागरी संहिता शुद्ध करून केली.

हा निवाडा केवळ भाषाशास्त्राचा नाहीं. नागरी मूळ असेल, तर ग्रंथकाराने प्रथम देशी शब्दांत विचार केला, आणि छापतांना धर्माधिकाऱ्यांस संशय येऊं नये म्हणून परके शब्द घातले, असें म्हणतां येईल. रोमी मूळ असेल, तर पुढच्या कोणा वाचकाने परक्या शब्दांचा वेष उतरवून ग्रंथ आपल्या परंपरेंत ओढून घेतला, असें होईल. एकांत सत्तेपुढें लेखकाचें नमणें आहे, दुसऱ्यांत वाचकाचें स्वत्व आहे. यांपैकीं खरें कोणतें, हें पोथ्यांच्या पाठभेदांवरून, कागदावरून व अक्षरवळणावरूनच ठरणार. त्यासाठीं जितक्या अधिक पोथ्या उजेडांत येतील तितकें बरें.

या ग्रंथाकडे पाहण्याच्या दोन दृष्टि आपल्याकडे रूढ आहेत. परक्याने मराठीची केवढी स्तुति केली, म्हणून कित्येक त्याला डोक्यावर घेतात. ज्या साष्टींत तो लिहिला तेथें त्यापूर्वी पन्नास वर्षें काय घडलें, तें ते सांगत नाहींत. उलट कित्येक, हें धर्मांतराचें हत्यार, म्हणून त्यास हात लावीत नाहींत. ज्यांनीं तो दोनशें वर्षें हाताने लिहून जगविला त्या मराठी-कोंकणी माणसांस ते विसरतात. पहिली दृष्टि जेत्याचा जुलूम झांकते, दुसरी जिताचें कर्तृत्व झांकते. इतिहासास दोन्ही ग्राह्य नाहींत. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ मध्यें पुण्यास नागरी आवृत्ति काढली व कारिदाद द्रागो यांची आवृत्ति १९९६ मध्यें निघाली. तेव्हांपासून मूळ ग्रंथ वाचूनच मत बनविण्याची सोय सर्वांस झालेली आहे.

पोथ्या जमविणाऱ्या मंडळींस यावरून घेण्यासारखा एक व्यावहारिक बोध आहे. आपण जुनें दप्तर पाहतों तेव्हां मोडी व बाळबोध कागद वेगळे काढतों. रोमी अक्षरांचा कागद दिसला कीं तो पोर्तुगीज समजून बाजूस टाकतों. गोमंतक, वसई, उत्तर कोंकण व मंगळूर येथील जुन्या ख्रिस्ती घरांत, आणि देवळांच्या पेट्यांत, असे कागद मिळण्याचा संभव आहे. ते हातीं आल्यास दोन ओळी मोठ्याने वाचून पाहाव्या. डोळ्यांस परकी वाटणारी लिपि कानास ओवी म्हणून ओळखूं येईल. मग पोथीचा कागद, शाई, उतरून घेणाराचें नांव, गांव व तिथि, आरंभींच्या व शेवटच्या ओव्या, तसेंच परक्या शब्दांवर कोणी खाडाखोड केली असल्यास ती, हीं सर्व नोंदवून ठेवावीं. पोथी घराबाहेर नेण्याचा आग्रह धरूं नये. छायाचित्रें घेऊन मूळ मालकाकडेच ठेवणें बरें. ज्या घराण्यांनीं निषेधाच्या काळांत ती राखली, त्यांच्याकडून ती संशोधनाच्या नांवाने काढून घेणें शोभणारें नाहीं.

गोव्यांतील पोर्तुगीज अंमल १९ डिसेंबर १९६१ रोजीं संपला. १६८४ चें आज्ञापत्र आज केवळ संशोधकांच्या कामाचें आहे. ज्या भाषांस तीन वर्षांत नाहींसें करावयाचें होतें, त्या दोन्ही भाषा त्याच भूमींत लिहिल्या-बोलल्या जात आहेत. राजाज्ञेची शक्ति किती व तिची मर्यादा कोठें, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. आणि तो पुरावा लढाईच्या बखरींत नसून, वाळवीने अर्धवट खाल्लेल्या पोथीच्या पानांत आहे. तीं पानें दरवर्षींच्या पावसाळ्यागणिक कमी होत आहेत, एवढें संग्राहकांच्या ध्यानांत आणून देऊन हा लेख पुरा करतों.